तार कुणाच्या धुऱ्यावरून जाते?



या मालिकेचे पहिले अकरा भाग तुम्ही पाहिलेत, ते सगळे बसनं गेलेले होते. मी घरी बोलायचो, मुलगा मोबाइलवर टिपायचा, आणि शनिवारी मी पेनड्राइव्ह सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून सौसरची बस धरायचो. तिथं पुतण्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तो गिऱ्हाईक कमी असलं की व्हिडिओ चढवायचा. कधी दुपारी चढे, कधी रात्री, एकदा तर सोमवारी. पेशव्यांच्या डाकेवरचा भाग तुम्हाला उशिरा मिळाला तो असा. जासूद पुण्याहून दिल्लीला किती दिवसांत पोचत, हे मी त्यात मोठ्या ऐटीत सांगत होतो, आणि माझा स्वतःचा जासूद बसस्टँडवर टायर पंक्चर होऊन बसला होता.

आता हा भाग घरातूनच चढला आहे. म्हणून आज विषय बदलतो. तार गावात कशी आली, ते बोलू. माझ्या घरी आलेली काचेची तार आणि तिच्या आधी या देशात आलेल्या तारा, दोन्ही.

बाहेरच्या राज्यांतल्या मराठी मंडळींना आमचा भाग नीट ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. सौसर आणि पांढुर्णा हे तालुके मध्य प्रदेशात. २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते, आता पांढुर्णा हा वेगळा जिल्हा. घरात मराठी, शाळेत बहुतेक हिंदी, बाजार नागपूरचा. संत्र्याचे बगीचे, कपाशी. हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, वारस नव्हता, आणि पुढच्या वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. हे साल लक्षात ठेवा, १८५४. कारण त्याच वर्षी त्याच डलहौसीच्या हुकमानं उभारलेल्या तारेवरून आग्र्याहून कलकत्त्याला पहिला संदेश गेला. आमचं राज्य गेलं आणि देशात तार आली, एकाच वर्षी. आमच्या गावात मात्र ती आली नाही. त्याला फार वेळ लागायचा होता.

तारेचा भारतातला खटाटोप त्याच्याही आधीचा. विल्यम ओशॉनेसी नावाचा एक डॉक्टर कलकत्त्याला होता. रसायन शिकवायचा. गांजाच्या औषधी उपयोगावर युरोपियन वैद्यकाला पहिल्यांदा नीट लिहून देणारा हाच माणूस. त्यानं १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ बांबूंवर सुमारे २१ मैल तार फिरवून प्रयोग केला. सरकारनं दाद दिली नाही. पुढं दहा-बारा वर्षांनी कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाइन झाली. ती का झाली, तर हुगळीच्या तोंडाशी जहाजं येत, आणि कोणतं जहाज लागलं हे कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला लवकर कळायला हवं होतं. ओशॉनेसीनं विलायतेतल्यासारखी बारीक तार न वापरता जाड लोखंडी सळई वापरली. इथली वादळं, पक्षी, माकडं, बैलगाड्या या सगळ्यांना ती पुरून उरावी म्हणून. परदेशी यंत्र इथल्या मातीत रुजवायचं तर आधी माकडाचा विचार करावा लागतो, हे त्याला कळलं होतं. पुढं कित्येक हुशार माणसांना कळलं नाही.

१८५४ नंतर दोन-तीन वर्षांत हजारो मैल तार झाली. कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास. १८५७ च्या उठावात इंग्रजांना तिचा उपयोग झाला आणि उठाववाल्यांनी जागोजागी ती तोडली, हे तुम्ही वाचलेलं असतं. १८७० मध्ये समुद्राखालून एडन-मुंबई तार आली आणि लंडन जोडलं गेलं. म्हणजे मुंबईच्या कापूस दलालाला लिव्हरपूलचा भाव कळू लागला. तो कापूस पिकवणारा वऱ्हाडातला, आमच्याकडचा शेतकरी मात्र आठवडी बाजारात अडत्या सांगेल तोच भाव ऐकत होता. बातमी त्याच्या शेतावरून जात होती. त्याच्या कानावर पडत नव्हती.

लहानपणी नागपूर-छिंदवाडा छोट्या लाइनीच्या कडेनं तारेचे खांब होते, ते मला चांगले आठवतात. खांबांना कान लावला की गूं असा आवाज यायचा. आम्ही म्हणायचो, आत साहेब बोलते. वरच्या चिनीमातीच्या वाट्या नेम धरून फोडायच्या आणि मार खायचा. वाऱ्यानं तार थरथरते म्हणून आवाज येतो, हे फार उशिरा कळलं. पण गावाला जेव्हा खरोखर तार यायची, ती पोस्टमन सायकलवर घेऊन यायचा, आणि त्याला पाहूनच बायका रडायला लागायच्या. तार म्हणजे कुणीतरी गेलं. नोकरीची तारसुद्धा आधी रडून मग वाचली जायची. ही सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. शेवटच्या दिवशी शहरांत लोकांनी हौसेनं रांगा लावून तारा केल्या. आमच्या गावात कुणाला पत्ताच नव्हता.

आता एक कायदा सांगतो, कारण आजची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. १८८५ चा भारतीय तार कायदा. त्याच्या दहाव्या कलमात असं होतं की तार खात्याला कुणाच्याही जमिनीच्या वरून, खालून, कडेनं, आडवी तार नेता येईल, खांब रोवता येईल. जमीन सरकारची होत नाही, फक्त वापराचा हक्क मिळतो. नुकसान शक्य तितकं कमी करायचं, झालं तर भरपाई द्यायची. आणि मालकानं अडवलंच, तर जिल्हा दंडाधिकारी हुकूम देईल. हा कायदा एकशे अडतीस वर्षं टिकला. राज्य गेलं, स्वराज्य आलं, तारसुद्धा बंद पडली, पण कायदा होताच. २०२३ च्या डिसेंबरात नवा दूरसंचार कायदा झाला तेव्हा त्याची जागा भरली. वाटेच्या हक्काचे नवे नियम तर २०२५ च्या जानेवारीपासून लागू झाले.

इतिहासाच्या पुस्तकात तारेचा शोध असतो, तारेचा वेग असतो. तार कुणाच्या शेतातून गेली, त्याला विचारलं का, हे नसतं. मीसुद्धा एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि हे कधी शिकवलं नाही. माझ्या घरी जोडणी घ्यायची वेळ आली तेव्हा शिकलो.

झालं असं. माझं घर गावात नाही, शेतात आहे. चौकापासून पांदणीनं नऊशे मीटर. गेल्या दिवाळीनंतर एका कंपनीची माणसं गावात आली, चौकातल्या विजेच्या खांबावर काळी पेटी लावली, आणि जोडण्या देऊ लागली. मी लगेच नाव दिलं. पोरगा आला, पांदणीकडं पाहिलं, आणि म्हणाला, "सर, तीनशे मीटरपर्यंत आम्ही ओढून देतो. पुढची केबल तुमच्या पैशानं. अन्‌ रस्ता तुम्ही पाहून घ्या."

"म्हणजे?"

"ज्याच्या वावरातून केबल जाईन, त्याची परवानगी."

पांदणीच्या कडेनं नेता आली असती. पण पांदण पावसाळ्यात नाला होते, ट्रॅक्टर अर्धा चाक बुडून चालतो, आणि तिथं खांब नाहीत. सरळ वाट एकच. माझ्या शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून. धुरा म्हणजे तुमच्याकडं ज्याला बांध म्हणतात तो.

मंडळी, हा शेजारी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला गुरुजी म्हणतो. लग्नकार्याला आम्ही एकमेकांकडं जातो, पण जेवायला थांबत नाही. त्याचं कारण १९८७ चं. त्या साली मोठा दुष्काळ होता. त्याची विहीर आटली, बगीचा वाळायला लागला. खालच्या नाल्याजवळ त्याच्या साडूच्या विहिरीला पाणी होतं. तिथून पाइप आणायचा तर आमच्या धुऱ्यावरून आणावा लागत होता. तो माझ्या वडिलांकडं आला. वडिलांनी नाही म्हटलं. एकदा पाइप गेला की उद्या वाट मागतील, परवा जमीन, असा त्यांचा हिशोब. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकता नोकरीला लागलेला. ओट्यावर बसून ऐकत होतो. काही बोललो नाही. त्याची दोनशे संत्र्याची झाडं त्या उन्हाळ्यात गेली.

आता मी त्याच्याकडं तार मागायला जायचं.

मी लगेच गेलो नाही, हे कबूल करतो. महिनाभर पुन्हा बस धरली. आणि त्या महिन्यात, माणूस टाळाटाळ करताना जसं करतो तसं, मी वाचन करू लागलो. काचेच्या तारेचा इतिहास.

तो थोडक्यात सांगतो, कारण गंमत आहे. प्रकाश पाण्याच्या धारेसोबत वळतो, हे जिनिव्हात कोलाडॉननं १८४० च्या सुमारास दाखवलं, पुढं लंडनमध्ये टिंडलनं. धारेच्या आतल्या आत प्रकाश पुन्हा पुन्हा परततो आणि बाहेर पडत नाही. विहिरीत डुबी मारून तिरपं वर पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो ना, तेच. मोग्याचा जन्म असलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडं नेऊन दाखवलं, १९५४ साली. आपल्याकडं व्हॉट्सॲपवर त्यांना इंटरनेटचा बाप ठरवून टाकतात. तसं नाही. कपानी यांचं काम मोठं आहे, 'फायबर ऑप्टिक्स' हे नावही त्यांनीच रुजवलं, पण त्या तंतूंतून प्रकाश काही मीटरच जायचा. डॉक्टरला पोटात डोकावायला तेवढं पुरतं. गावोगाव फोन न्यायला पुरत नाही.

तो अडसर चार्ल्स काव यांनी ओळखला. १९६६ मध्ये त्यांनी आणि हॉकहॅम यांनी मांडलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश जरी उरला तरी फोनचं काम होईल. आज ऐकायला ही अट किती क्षुल्लक वाटते! पण तेव्हाची काच तेवढंही करत नव्हती. चारच वर्षांत, १९७० मध्ये, अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या तिघांनी ती अट ओलांडणारा तंतू काढला. आजच्या तंतूतून एक किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग प्रकाश शिल्लक असतो. काव यांना नोबेल मिळालं २००९ मध्ये. तोवर त्यांची काच समुद्रांच्या तळाशी जगभर पसरली होती.

आणि भारतात? इथं आपल्या मराठी माणसांना ठाऊक असावी अशी गोष्ट आहे आणि ती फारशी कुणाला नसते. देशातली पहिली ऑप्टिकल फायबरची टेलिफोन जोडणी पुण्यात झाली, १९७९ साली, स्थानिक एक्स्चेंजांना जोडण्यासाठी. कॉर्निंगच्या शोधानंतर अवघ्या नऊ वर्षांनी. पुढं नव्वदच्या दशकात औरंगाबादजवळ वाळूजला हा तंतू बनवणारा कारखाना उभा राहिला. शुद्ध काचेची दांडी तापवून तिचा केसाएवढा तंतू ओढतात. एका दांडीतून किलोमीटरच्या किलोमीटर निघतो. आमच्या पलीकडच्या राज्यात काच ओढली जात होती, आणि आमच्या गावात फोनसाठी अर्ज देऊन लोक म्हातारे होत होते.

फोनचीही कथा तशीच. १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई, मद्रास इथं एक्स्चेंज सुरू झाली. खेड्याला फोन द्यायचा गंभीर विचार व्हायला पुढं शंभर वर्षं लागली. विदेशी एक्स्चेंज वातानुकूलित खोलीत ठेवावं लागे, खेड्यात वीजच नाही. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं, सॅम पित्रोदा त्यात होते, आणि तिथल्या तरुण इंजिनिअरांनी १२८ लाइनींचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं, जे धुळीत आणि उकाड्यात विना एसी चालेल. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला लागलं, बेळगाव जिल्ह्यात. ओशॉनेसीच्या माकडांची आठवण झाली मला हे वाचताना.

त्या एक्स्चेंजांमुळं चौकाचौकांत एसटीडीची पिवळी पाटी आली. रात्री उशिरा दर चौथाई होई, तेव्हा बूथबाहेर चपलांची रांग लावून लोक झोपत. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न मी अशाच बूथमधून ठरवलं. मीटरचा आकडा पळतोय आणि पलीकडं व्याही हुंड्यावर अडून बसलेले. शेवटी ते म्हणाले, "बरं, राहू द्या, तुमचं बिल वाढून राहिलं." तसं ठरलं.

असो. मूळ मुद्दा. नव्वदनंतर काच देशभर पसरली ती मोठ्या रस्त्यांनी आणि रुळांच्या कडेनं. रेल्वेनं २००० साली रेलटेल काढून रुळांच्या बाजूनं तंतू टाकला. दूरसंचार खात्याचा तंतू महामार्गांच्या कडेनं होताच. 'खाली ऑप्टिकल फायबर केबल आहे, खोदू नये' अशा छोट्या खुंट्या तुम्ही पाहिल्या असतील. आमची म्हशीची पोरं त्यांना दावं बांधायची. म्हणजे लंडनचा भाव जसा शेतावरून गेला, तसा दिल्लीचा प्रकाशही म्हशीच्या खुरांखालून कैक वर्षं गेला. मधे थांबायला त्याला स्टेशन नव्हतं.

ते स्टेशन करण्यासाठी २०११ च्या ऑक्टोबरात केंद्रानं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजना मंजूर केली. अडीच लाख ग्रामपंचायती, अंदाज वीस हजार कोटींचा, मुदत दोन वर्षं. पैसे कुठले, तर तुमच्या-आमच्या फोनबिलातून कंपन्यांकडून कापून ठेवलेल्या निधीतले. २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा २०१७ च्या अखेरीस पुरा झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. आज दोन लाखांहून अधिक पंचायतींपर्यंत ती पोचली आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित कार्यक्रमाला जवळपास एक लाख चाळीस हजार कोटी मंजूर झाले.

विलंबाची कारणं अनेक. मला त्यातली दोन महत्त्वाची वाटतात. एक, तंतू झाडाच्या फांदीसारखा टाकला. ब्लॉकपासून एक, त्याच्यापुढं दुसरी, तिच्यापुढं तिसरी पंचायत. मधे कुणा जेसीबीनं दात मारला की पुढची सगळी गावं अंधारात. आता नव्या कार्यक्रमात वळसा घालून परत येणारी वर्तुळं करायची आहेत, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं प्रकाश येईल. आणि दहा वर्षांच्या देखभालीचा करार. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, असं मला वाटतं, पण मागून शहाणपण सांगणं हा इतिहासाच्या मास्तरांचा रोगच आहे.

दुसरं कारण जास्त खोल आहे. पंचायत म्हणजे गाव नव्हे आणि गाव म्हणजे घर नव्हे. देशात पंचायती अडीच लाख, गावं सहा लाखांवर. योजनेचं मोजमाप पंचायतीच्या भिंतीवर संपत होतं. तिथून पुढची वाट, म्हणजे दारापर्यंतची, कुणीतरी काढेल असं गृहीत होतं. पुढं गावातल्याच तरुणाला उद्योजक करून जोडण्या द्यायला लावणं, खाजगी केबलवाल्यांना तंतू भाड्यानं देणं, हे सुरू झालं. आणि तिथं १८८५ चा कायदा मदतीला येत नाही. सरकारची तार शेतातून न्यायला कलेक्टरचा हुकूम आहे. माझ्या घरची तार न्यायला कोण हुकूम देणार? नव्या नियमांत कंपनीला जमीनमालकाकडं रीतसर परवानगी मागायची सोय आहे. पण एका गिऱ्हाइकासाठी, नऊशे मीटरसाठी, कोण कंपनी तो कागद हलवते? ती म्हणते, सर, रस्ता तुम्ही पाहून घ्या.

तेव्हा शेवटी मी गेलो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, तिळगूळ घेऊन. ते निमित्त होतं हे त्यालाही कळलं. तो बगीच्यात आंबिया बहारासाठी झाडं ताणावर सोडून बसला होता. मी विषय काढला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला:

"गुरुजी, तुमच्या बाबानं आमचा पाइप जाऊ देला होता का?"

"नाही, भाऊ."

"मंग तुमची तार माह्या धुऱ्यावरून काहून जाऊ देऊ?"

याला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "नका देऊ. मी त्या दिवशी ओट्यावर होतो. बाबाला म्हणायला पायजे होतं, म्हटलं नाही. तेवढं सांगायचं होतं." आणि उठलो.

मला वाटलं होतं मी तार मागायला गेलो होतो. रस्त्यानं परत येताना वाटलं, हे बोलायलाच मला अडतीस वर्षं लागली, तार निमित्त होती. घरी बायकोनं विचारलं, काय झालं. म्हटलं, बस धरावी लागणार.

आठ दिवसांनी त्याचा नातू सायकलवर आला. बारावीला आहे, नीटची तयारी करतो, रात्री चौकातल्या पेटीखाली बसून कुणाच्या तरी वायफायवर व्हिडिओ पाहतो हे मला ठाऊक होतं. म्हणाला, "आबानं बोलावलं."

भाऊ धुऱ्यावरच उभा होता, हातात पावशी. त्यानं अटी सांगितल्या. खांब रोवायचे नाहीत, ट्रॅक्टर अडतो. तार जमिनीत गाडायची, गुडघाभर खोल. खोदायचा खर्च माझा. नातवाला जोडणी त्याच तारेवर मिळाली पाहिजे. आणि मग खाली पाहत म्हणाला, "खोदतच हाव तं माह्या ड्रिपचा पाइप भी त्यातच टाकतो. पुढं तुमच्या धुऱ्यावरून खालच्या बोअरपर्यंत नेतो. चालन?"

मी म्हटलं, "चालन."

पाच दिवस खोदकाम चाललं. तळाशी त्याचा पाइप, वर मातीचा थर, त्यावर प्लास्टिकच्या नळीतून माझी काळी केबल. भर पडायच्या आधी मी ती हातात धरून पाहिली. आत दोन लोखंडी काड्या आणि मधे केसाएवढी काच. तिचाही मधला भाग, ज्यातून प्रकाश जातो तो, एका मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. पोरगा यंत्रात दोन टोकं ठेवून जोड मारत होता. एका ठिणगीत काच काचेला लागते, आणि पडद्यावर नुकसान किती ते येतं. भाऊ वाकून पाहत होता. म्हणाला, "आमच्या कलमापेक्षा बरं हाय. आमचं लागलं का नाही ते समजाले महिना जाते." संत्र्याच्या कलमाबद्दल बोलत होता तो.

घरात डबी लागली. मीटरवर उणे एकवीस पूर्णांक चार असा आकडा आला. पोरगा म्हणाला, सत्तावीसपर्यंत चालते, हे चांगलं आहे. त्या रात्री बारावा भाग चढवला. पुतण्याच्या दुकानात त्याला अडीच तास लागले असते. इथं चहा उकळायच्या आत झालं, आणि मला उगाच चुकल्यासारखं वाटलं, पुन्हा तपासलं.

मृगाच्या तोंडावर एका सकाळी डबीवर लाल दिवा लुकलुकायला लागला. मी कंपनीला फोन लावायच्या आतच भाऊचा फोन आला.

"गुरुजी, तार माह्याच वखरानं तुटली. पाइप वाचला." मग जरा थांबून, "नातू म्हणते तक्रार तुमी करा, तुमचा नंबर लवकर लागते."

मी धुऱ्यावर गेलो तेव्हा तो तुटलेली दोन्ही टोकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पाणी लागू नये म्हणून हातात वर धरून उभा होता. पोरगा दुपारी तीनला आला. तोवर आम्ही दोघं तिथंच बसलो होतो, आणि त्याच्या घरून आलेलं जेवण जेवलो.